निळं न होणारं पाणी

नमुना पुन्हा निळा झाला. केमिस्ट बाईंनी काचेची नळी उजेडासमोर धरली आणि खाली ठेवली.

सांडपाणी शुद्ध करणाऱ्या त्या केंद्रात मावशी एकवीस वर्षं बाटल्या धूत होत्या. रसायनशास्त्र त्यांना एवढंच ठाऊक, की तपासणीचं औषध टाकल्यावर पाणी जितकं निळं, तितका त्यात फॉस्फरस जास्त. तो तलावात गेला की शेवाळ माजतं आणि मासे मरतात. तो अडवायला बाईंनी हौसेनं एका टाकीत चुनखडीचे खडे भरले होते. फॉस्फरस खड्यांना चिकटायचा. दोन महिने पाणी कसं स्वच्छ निघालं, आणि गेले तीन आठवडे हे असं.

"चार वाजता साहेब येतायत," बाई म्हणाल्या. "टाकी रिकामी करायचा कागद घेऊन. खडे थकले म्हणतात."

"खडे कसले थकतायत? थकलात तुम्ही. जरा बसा."

बाई कसल्या बसतायत. वैतागाच्या भरात त्यांनी औषध भलत्याच बाटलीत ओतलं. ती सकाळी धुऊन मावशींनी तिच्यात नुसतं शुद्ध पाणी भरलं होतं. तेवढ्यात फोन वाजला म्हणून बाई बाहेर गेल्या. मावशी बाटली रिकामी करायला गेल्या, तर पाणी निळं झालेलं.

शुद्ध पाणी निळं होत नसतं. तीन आठवड्यांपूर्वी सुनेनं कपडे धुण्याची पावडर डब्यात भरून दिली होती. "आई, त्या अ‍ॅसिडनं हातांची सालं निघतात, हे वापरा." बाटल्या लखलखीत निघत होत्या आणि मावशी स्वतःवरच खूश होत्या.

निळं पाणी ओतून दिलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. नोकरी कंत्राटी, आणि घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. बाटली धरून मावशी तशाच उभ्या राहिल्या.

बाई आत आल्या.

"तुमच्या खड्यांचा काही दोष नाही, बाई. घोळ मी घातलाय." मावशींनी डबा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं.

बाई मटकन बसल्या. "मावशी, या पावडरीतच फॉस्फरस असतो. तीन आठवडे मला झोप नाही."

"आता मला यायची नाही."

दोघींनी मिळून चार बाटल्या अ‍ॅसिडनं धुतल्या, टाकीचं ताजं पाणी आणलं, औषध टाकलं. गॅसवरच्या दुधाकडे बघावं तशा दोघी दहा मिनिटं नळीकडे बघत राहिल्या. पाणी होतं तसंच राहिलं. बाई आधी हसल्या, मग रडल्या, मग परत हसल्या. मावशींनाही इतकं हलकं वाटलं, की नोकरीचा विचार घटकाभर डोक्यातूनच गेला.

साहेब आले. त्यांनी नळी पाहिली आणि सगळं ऐकून घेतलं. "चूक कुणाची?"

"प्रयोगशाळेची," बाई म्हणाल्या.

"माझी," मावशी म्हणाल्या.

साहेबांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. "पावडर उद्यापासून घरी," एवढंच म्हणाले आणि गेले.

बाईंनी नोंदवहीत लिहिलं आणि वही मावशींपुढे सरकवली. अक्षरांखाली बोट धरून मावशींनी सावकाश वाचलं, 'बाटल्या धुण्यात चूक होत होती. ती प्रयोगशाळा सहायकांनी शोधून काढली.'

"हे सहायक कोण?"

"तुम्ही. खाली सही करा."

मावशींनी दोन्ही हात दोनदा पुसले आणि पेन घेतलं.