मागच्या सीटवर तिघं

सुट्टीत माहेरी जायचं ठरलं की त्या घरात पहिला वाद व्हायचा तो निघायच्या वेळेवरून. रस्ता चार-पाच तासांचा. ठकी तीन वर्षांची, गट्टूला अजून वर्षही पुरं झालेलं नाही. गाडी कधी काढायची, याला पंचांगात काही उत्तर नव्हतं.

गेल्या खेपेला एकटी ठकीच होती. तेव्हा नणंदेचं ऐकून ते पहाटे निघाले होते. "अंधारात उचलायचं नि गाडीत घालायचं. पोचेपर्यंत पोर डोळा उघडत नाही," असं नणंद म्हणाली होती. नणंदेची मुलं आता कॉलेजात होती आणि त्यांचं बालपण तिला सोयीपुरतंच आठवत होतं. ठकीने गादीवरून उचलताक्षणी डोळे उघडले ते थेट संध्याकाळपर्यंत मिटले नाहीत. मधल्या वेळात तिने प्यायलेलं सगळं दूध बापाच्या शर्टावर परत केलं.

यंदा नवऱ्याने सूत्रं हाती घेतली. तो भूल देणारा डॉक्टर. माणसं झोपवायची आणि वेळेवर उठवायची हेच त्याचं रोजचं काम.

"दुपारचं जेवण जरा लवकर द्यायचं," त्याने समजावलं. "डोळे जड झाले की निघायचं. अर्धा रस्ता झोपेत, मग थांबायचं, उरलेला खेळण्यात. ऊन उतरायच्या आत बाबांच्या दारात."

"तुझे पेशंट आधी सही करतात आणि मग झोपतात," बायको म्हणाली. "ही दोघं कशावर सही करणार आहेत?"

"बघच तू."

तिला बघायचं होतंच, कारण या वेळी तिला पोचायची घाई होती. बाबांशी नीट बोलून वर्ष उलटलं होतं. बाबांचा जन्म कापडगिरणीत मागावर गेला आणि कान तिथेच राहिले. फोनवर ते "बरं आहे, बरं आहे" एवढं ओरडून फोन ठेवून द्यायचे. व्हिडिओवर दिसावं म्हटलं तर ठकी आपलं नाक लावून अख्खा पडदा व्यापून टाकायची.

निघायच्या दिवशी ठकी उजाडायच्या आधीच बूट घालून दारात बसली. त्याचा व्हायचा तोच परिणाम झाला. नाश्त्याला पावाचा तुकडा हातात धरून ती टेबलावरच पेंगली आणि गाढ झोपली. गट्टू उघड्या बॅगेत, घड्या घातलेल्या कपड्यांवर रांगत चढला आणि तिथेच आडवा झाला. त्याला उचलायची कुणाची हिंमत होईना, त्यामुळे बॅग भरायचीही राहिली. जेवणाच्या वेळेला दोघं उठली ती न्हाऊन आल्यासारखी टवटवीत.

नवरा किल्ली हातात घेऊन उभा. "आता काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? निघायचं. पेशंट शुद्धीवर आलेत."

गाडी तीच चालवायची. नवऱ्याने स्टीअरिंग धरलं की मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून दमायचे. तो मागे, दोन छोट्या सीटांच्या मध्ये, गुडघे हनुवटीला टेकवून बसला. गाव सुटायच्या आत गाणी संपली, बिस्किटं संपली, आणि गट्टूने बापाचा चष्मा दोनदा चाखून पाहिला. तरी तासाभराने त्याच्या पापण्या खाली यायला लागल्या. नवऱ्याने आरशातून तिला खूण केली. लोण्यातून सुरी फिरवावी तशी तिने गाडी हलक्या हाताने चालवली.

तेवढ्यात पुढे लाल झेंडी दिसली. रस्त्याचं काम चालू होतं. गाड्यांची रांग लागली होती आणि झेंडीवाला शांतपणे उभा होता. गाडी थांबली, इंजिनाची घरघर थांबली आणि गट्टूने टक्क डोळे उघडले.

"संपलं," नवरा हळूच म्हणाला.

ती खाली उतरली, मागचं दार उघडलं आणि दोघांचे पट्टे सोडले. गरम डांबराचा वास येत होता. समोर एक भलामोठा पिवळा रोलर पुढे जात होता, मागे येत होता. ठकीची मान त्याच्याबरोबर पुढे-मागे होऊ लागली. गट्टू आईच्या कडेवरून दोन्ही हात पसरून त्याला बोलवत होता.

रोलरवाला घाम पुसायला कडेला आला तेव्हा ठकीने त्याला गाठलं. "याला भूक लागते?"

"तहान लागते," तो गंभीरपणे म्हणाला. "डिझेल पितो."

"आणि झोप?"

"मी झोपलो की तोही झोपतो. मी नाही झोपलो तर त्याची काय बिशाद."

नवरा बायकोच्या कानात पुटपुटला, "याला आपल्याकडे ठेवून घेऊ या."

ती इतकी हसली की पुढच्या गाडीतली माणसं वळून बघायला लागली. शाळेत ती व्यायामाची शिक्षिका होती. तिचा आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकाला पोचायचा आणि हसूही तसंच होतं. हळूहळू सगळ्याच गाड्यांची दारं उघडली. कुणी केळी काढली, कुणी संत्री सोलली, यांच्याकडची उकडलेली अंडी चार घरच्या पोरांत वाटली गेली. नवऱ्याने एकदाच घड्याळ पाहिलं, मग मनगट खिशात घातलं आणि ठकीला खांद्यावर बसवलं. झेंडी हिरवी झाली तेव्हा कुणालाच निघायची घाई नव्हती.

ऊन कललं तेव्हा अजून बराच रस्ता बाकी होता. मागे आता जांभया सुरू झाल्या.

"आता झोपू देऊ नकोस हं," ती पुढून म्हणाली. "आता झोपली तर रात्रभर आपल्या उरावर नाचतील."

"माझ्यावर सोड."

त्याने टाळ्या वाजवल्या, माकड केलं, घोडा केला, आठवतील ती गाणी म्हटली. तिला पुढे सगळं ऐकू येत होतं. मग गाण्यातले शब्द गळायला लागले. मग नुसता सूर उरला. मग तोही गेला. वळणावर गावाची पहिली घरं दिसली तेव्हा तिने आरशात पाहिलं. ठकीचं डोकं बापाच्या दंडावर, गट्टूच्या मुठीत बापाचं बोट, आणि भूलतज्ज्ञ स्वतः तोंड उघडं टाकून घोरत होता.

तिने अंगणात गाडी थांबवली, काचा खाली केल्या आणि इंजिन चालूच ठेवलं. ते बंद झालं की काय होतं हे ती दुपारीच शिकली होती.

बाबा घाईघाईने पायऱ्या उतरत आले. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, पण लेकीने ओठांवर बोट ठेवलेलं पाहून तिथेच थांबले. त्यांनी खिडकीतून आत डोकावलं. मग वळून आवाज न करता, नुसत्या ओठांनी विचारलं, "जावईसुद्धा?"

तिनेही तसंच उत्तर दिलं. "तोच सगळ्यात आधी."

मागांच्या खडखडाटात कुणाचंच ऐकू यायचं नाही, म्हणून गिरणीतली माणसं ओठांवरून बोलणं ओळखायची. बाबांनी ती विद्या घरी आणली होती. तिच्या लहानपणी घर तसंच बोलायचं. आईबाबा भांडायचेसुद्धा बिनआवाजी, फक्त भांडी तेवढी आपटली जायची. आई गेल्यावर ती सवय मोडली होती.

बाबांनी चहा आणला. दोघं पायरीवर समोरासमोर बसली, एकमेकांचे ओठ दिसतील अशी. ती बोलली. शाळेचं, घराचं, गट्टूच्या दातांचं, आणि जे फोनवर ओरडून सांगता येत नाही तेही. बाबा मान हलवत होते, मधेच काहीतरी असं म्हणत होते की तिला तोंडावर ओढणी दाबून हसावं लागत होतं. मैदान गाजवणाऱ्या त्या बाईने तितका वेळ एक अक्षर मोठ्याने काढलं नाही. चहा शेवटच्या घोटापर्यंत गरम होता. गट्टू झाल्यापासून असा चहा तिच्या वाट्याला आला नव्हता.

"दमलीस?" बाबांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "पण अजून बसू."

अंधारून आलं तेव्हा खिडकीत ठकीचं विस्कटलेलं डोकं वर आलं. आजोबा दिसताच तिने अंगठा तोंडात ठेवूनच भराभरा काहीतरी सांगायला सुरुवात केली. बाबा उठून खिडकीपाशी गेले. त्यांनी तो अंगठा अलगद बाहेर काढला.

"आता सांग," ते म्हणाले. "मघाशी ऐकू येत नव्हतं."

मग गट्टू उठला, मग नवरा उठला आणि कुठे आलो म्हणून विचारू लागला. तिने इंजिन बंद केलं. दोन्ही पोरं तरतरीत होती, आणि आजोबा त्यांच्याहून. त्या रात्री कोण किती वेळ कुणाच्या उरावर नाचलं हे तिला कधीच कळलं नाही. आत जाऊन ती कॉटवर जरा टेकली, आणि सगळ्यांच्या आधी तीच झोपून गेली.