यासेर टेलरचे कागद

"काका, या सगळ्या कागदांवर यासेर यांचं नाव आहे. ते झाकावं लागेल," शिल्पा म्हणाली.

धोंडप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. "झाकावं म्हंजे?"

"काळी पट्टी लावायची. माणूस गेलेला असला तरी आजाराची गोष्ट आहे. घरच्यांची लेखी परवानगी नसेल तर नाव उघडं ठेवता येत नाही."

शिल्पा मूळची रेणापूरची, नोकरीला पुण्यात. एड्सच्या त्या वर्षांत लहान गावांतल्या समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांनी एकमेकांसाठी काय केलं, त्याचे कागद जपून ठेवणाऱ्या संस्थेत ती काम करायची. लातुरातल्या धोंडप्पांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटचा हॉल आता एका कोचिंग क्लासने घेतला होता. मशीनं भंगारात गेली. कपाट रिकामं करताना पंधरा फाइली हाताला लागल्या, त्या मात्र धोंडप्पांना टाकवेनात. ओळखीतून नंबर मिळवून त्यांनी शिल्पाला बोलावून घेतलं होतं.

सगळ्यात जुनी फाइल भूकंपाची. त्र्याण्णवच्या ऑक्टोबरात धोंडप्पा दिवसदिवस मेलेल्यांच्या याद्या टाइप करत बसत. याद्या घेऊन येणाऱ्या स्वयंसेवकांत देगलूरचा एक शिंपी होता, यासेर. छावणीतल्या बायकांना कपडे शिवून द्यायला म्हणून आलेला. एका यादीत एकाच घरची सात नावं होती आणि आठव्या ठिकाणी नुसतंच लिहिलं होतं, 'मुलगी, वय आठ दिवस'. धोंडप्पांची बोटं थांबली.

"तिथं जागा सोडा सर," यासेर म्हणाला. "बारसं झालं नसलं तरी घरात कायतरी म्हणतच असतील तिला. इचारून येतो."

दुसऱ्या दिवशी तो मुलीच्या मावशीला विचारून आला. ठकी म्हणायचे.

छावणी उठली तरी यासेर देगलूरला परतला नाही. बारावीसाठी लातुरात येणाऱ्या मुलांची संख्या वाढत चालली होती. त्यांच्या पँटी शिवायला त्याने बसस्टँडमागे दुकान टाकलं. रोज संध्याकाळी तो इन्स्टिट्यूटच्या पायऱ्या चढून यायचा. त्या दोघांचं काय होतं ते दोघांना ठाऊक होतं. लातुरात त्याला जे शब्द होते ते दोघांनाही नको होते.

रविवारी शिकवणी बंद असे, तेव्हा त्यांच्यासारखे सात-आठ जण हॉलमध्ये जमत. चहा व्हायचा, कुणाच्या लग्नाचं ठरलं यावर उसासे व्हायचे. शहाण्णव साली त्यातला जळकोटचा एकजण गेला. चार महिन्यांनी दुसरा. काय झालं होतं ते कुणी बोलेना. यासेरने मुंबईहून पुस्तिका मागवली. धोंडप्पांनी ती सोप्या मराठीत उतरवली, स्टेन्सिल कापलं, पत्रकं काढली. संपर्कासाठी खाली एक नाव हवं होतं.

"माझं टाका," यासेर म्हणाला. "तुमच्याकडं पोरी शिकाय येतेत. उद्या बंद पडंल सगळं."

धोंडप्पांनी त्याचं नाव टाकलं. यासेर ती पत्रकं बसस्टँडवर, टॉकीजच्या मुतारीपाशी वाटत हिंडला. लोक रात्रंदिवस त्याच्या दुकानी यायला लागले, कुणी विचारायला, कुणी दगड मारायला. पंधरा फाइलींत त्याचं नाव शेकडो वेळा होतं. धोंडप्पांचं एकदाही नव्हतं.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात यासेर नांदेडच्या दवाखान्यात होता. धोंडप्पा दर गुरुवारी जात. मग बहीण त्याला देगलूरला घेऊन गेली. तो गेल्याचं धोंडप्पांना आठ दिवसांनी पोस्टकार्डाने कळलं. ते देगलूरला गेले नाहीत. कोण म्हणून जायचं, हेच त्यांना सुचलं नव्हतं.

"परवानगी मी आणतो," त्यांनी शिल्पाला सांगितलं.

देगलूरच्या बाजारात यासेरच्या बहिणीचं, सादियाचं, बांगड्यांचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. पन्नाशी ओलांडलेली बाई, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

"मी लातूरचा. धोंडप्पा. यासेरचा…"

"टायपिंगवाले," ती म्हणाली. "पंधरा वर्षं झाली तुम्हाला यायला."

तिने स्टूल पुढे केलं.

"हळू बोला. सुनेला ठाऊक न्हाई. टीबी होता म्हणून सांगितलंय."

त्यांनी कागद कशाचे, कुठे ठेवणार, सगळं सांगितलं. पत्रक तिच्या हातात दिलं. तिने ते परत केलं.

"मराठी वाचता येत न्हाई मला. तुम्ही वाचा."

धोंडप्पा आवाज दाबून वाचायला लागले. "'आजारी माणसाच्या ताटात जेवल्याने हा रोग होत नाही. त्याच्या अंगाला हात लावल्याने होत नाही. त्याला वेगळे टाकू नका.'"

"बस," सादिया म्हणाली.

तिने समोरच्या बांगड्यांची चळत उगीच उचलून दुसरीकडे ठेवली.

"हेच सांगत होता तो. तरी मी ताट वेगळं ठेवलं. लेकरं लहान होती माझी. लोटा पण वेगळा. पह्यल्या दिवशी सांगितलं त्यानं. मग न्हाई सांगितलं. जेवून झालं की स्वतःच ताट धुवून कोपऱ्यात ठेवायचा."

धोंडप्पांनी पत्रकाच्या तळाशी बोट ठेवलं. ते म्हणाले, "हे मी टाइप केलंय. खाली नाव त्याचं टाकलं. माझं टाकाय पायजे होतं."

एक बाई लेकीला बांगड्या भरायला घेऊन आली. सादियाने त्या मुलीचे हात दाबून, वळवून, एकही न फोडता दोन्ही हात भरले. त्या दोघी गेल्यावर तिने विचारलं, "नाव उघडं ठिवलं तर काय होईल?"

"कुणी शोधाय आलं तर सापडंल तो. न्हाईतर काळी पट्टी दिसंल."

"कोण येणार शोधाय?"

"ते न्हाई सांगता येत."

तिने परवानगीचा फॉर्म मागितला. "यासेर लिहा. यासेर टेलर, देगलूर. अब्बांचं नाव नको, घराण्याचं नको. त्येवढं नातवंडांसाठी राहू द्या." आणि उर्दूत सावकाश सही केली.

खाली साक्षीदाराची जागा होती. तिथे धोंडप्पांनी आपलं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं, आडनाव लिहिलं, लातूरचा पत्ता लिहिला. सादिया ते अक्षर बघत होती. वाचता येत नसलं तरी ते लांबलचक आहे हे तिला दिसत होतं.

"कबर बघता का?" तिने विचारलं.

कबरस्तान नाल्याच्या पलीकडे होतं. सादिया फाटकाशीच थांबली. बायका आत जात नसत. "लिंबाच्या पल्याड. भिंतीकडून चौथी."

आत कच्च्या कबरी होत्या, पावसाने सपाट झालेल्या. एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, कळत नव्हतं. धोंडप्पा मोजत चार उंचवट्यांपर्यंत गेले आणि उभे राहिले.

"तिथं न्हाई," सादियाने फाटकातून हाक दिली. "ती दुसऱ्याची हाय. डावीकडं सरका."

ते दोन पावलं सरकले. "हितं का?"

सादियाने डोळ्यांवर आडवा हात धरून पाहिलं. पंधरा वर्षं तीही इथूनच बघत आली होती.

"हाव," ती म्हणाली. "तिथंच असंल."

धोंडप्पांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. जमीन तापलेली होती. ते तिथे उभे राहिले.