तेवीस नंबरची चकती

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या या तळ्याकाठच्या मुलींच्या शिबिरात मी एकोणीस उन्हाळे स्वयंपाक केला. पोहायला उतरताना प्रत्येकीनं काठावरच्या फळ्यावर टांगलेल्या आपल्या नंबरच्या चकतीची लाल बाजू वर करायची, बाहेर आल्यावर पांढरी. एवढंच काम. तरी दर वर्षी कुणीतरी विसरतंच.

त्या वर्षी विनी पेलेटिए विसरली. बारा वर्षांची, प्रथमच घर सोडून आलेली. पंधरा दिवसांत कशीबशी एक मैत्रीण जोडली होती, हेस्टर. ओल्या केसांनी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून विनी ब्लूबेरीचा मफिन खात होती, तेवढ्यात भोंगा झाला. भोंगा म्हणजे पाण्यात कुणीतरी राहिलंय.

खिडकीतून सगळं दिसत होतं. मोठ्या पोरी हातात हात गुंफून, छातीभर पाण्यात, पायांनी तळ चाचपत निघालेल्या. धक्क्यापाशी कॉर्लिस, पोहण्यावर देखरेख करणारी, बुडीमागून बुडी मारतेय. काठावर हेस्टर ओरडतेय, "तेवीस! विनीची चकती लालच आहे!"

विनी पांढरी पडली.

"मग पळ की!" मी म्हटलं.

"मिस ऑडा, तुम्हीच मला घाईनं बोलावलंत असं सांगा ना. सगळ्याजणी मला खाऊन टाकतील."

खरं सांगायचं तर ते खोटं माझ्या जिभेवर आलंच होतं. "सांगेन हवं तर," मी म्हटलं. "पण मी गुडघे सांभाळत खाली पोचेपर्यंत ती कॉर्लिस बुड्या मारत राहणार."

विनीनं उरलेला मफिन ओट्यावर ठेवला. उतारावर आधी चालत गेली, मग पळत.

"मी इथंय! चकती उलटवायला विसरले!"

रांग थांबली. कॉर्लिस वर आली, तिनं विनीकडे बघितलं आणि पायरीवर मटकन बसली. मग हेस्टर म्हणाली, "गाढवे! तुझ्या आईला काय सांगायचं, ते जुळवत होते मी!" आणि पाठ फिरवून निघून गेली.

शिक्षा नेहमीचीच, दोन दिवस पोहणं बंद.

संध्याकाळी मी विनीचं ताट आत, माझ्यापाशी, वाढून ठेवलं. ती आली नाही. बाहेर, हेस्टर आणि बाकीच्या पोरी जेवत होत्या त्या भरल्या बाकापाशी, उभी होती.

"सरका ना जरा," ती म्हणाली.

कुणी हललं नाही. विनीही हलली नाही.

"दोन दिवस कोरडी बसणारेस ना?" शेवटी हेस्टर वर न बघताच म्हणाली. "मग बस इथंच." आणि वीतभर सरकली.