वीतभर अंतरावरचे धुके

मी एक जुने भिंग आहे, मित्रांनो. मसुराच्या दाण्याहून जरासे मोठे. आता एका बाटलीत, औषधी पाण्यात पडून असते. पण उमेदीची वर्षे मी एका आजोबांच्या डोळ्यात काढली.

आजोबा छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. एक डोळा लहानपणीच गेलेला. दुसऱ्याने लांबचे दिसत नसे, पण चष्मा काढला की वीतभरावरचे बारीक अक्षरही लख्ख दिसे. घशाच्या ऑपरेशनमध्ये आजींचा आवाज गेला. त्या नुसते ओठ हलवत आणि आजोबा चेहरा जवळ नेऊन ते वाचत. "हळू बोल गं, खिळे जुळवायला वेळ लागतो," असे चिडवतही. मग मोतीबिंदू आला आणि आजींचे ओठही पुसट झाले.

मोतीबिंदू काढून डोळ्यात भिंग बसवण्याआधी डॉक्टरीणबाईंनी नीट विचारले होते. "एकाच अंतराचं स्पष्ट दिसेल, दुसऱ्याला चष्मा लागेल. दिवसभर काय बघता तुम्ही?"

आजोबांचे कान लाल झाले. मुलीसमोर बायकोचे ओठ कसे सांगणार? "काही विशेष नाही," ते म्हणाले.

"लांबचंच बसवा," मुलगी म्हणाली. "बाबा रस्त्यात धडपडतात हो."

म्हणून माझी निवड झाली. पट्टी निघताच आजोबांनी समोरच्या टाकीवरची कबुतरे मोजून दाखवली. सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केले आणि मी हुरळून गेले. आजींचे ओठ मात्र धुक्यात गेले. जवळचा चष्मा केला, पण तो सदा कुठेतरी विसरलेला असे.

एका दुपारी आजारी, अंथरुणावरच्या आजींनी त्यांची बाही ओढली. आजोबा वाकले. ओठ हलले.

"थांब हं, चष्मा आणतो."

चष्मा स्वयंपाकघराच्या खिडकीत होता. ते परतले तेव्हा आजी गेल्या होत्या.

पुढे रोज दुपारी ते चष्मा लावून रिकाम्या खाटेवर वाकत. "परत म्हण ना," म्हणत. मला फार शरम वाटे.

आजोबांनी मरणोत्तर डोळा दान केला. त्याचा वरचा पारदर्शक पडदा कुणाला तरी मिळाला, मी बाटलीत उरले. इथे पाण्यात अजून ते ओठ हलतात.

मित्रांनो, तुमच्या आजोबांना कुणी "दिवसभर काय बघता?" असे विचारले, तर त्यांना घाईने उत्तर देऊ देऊ नका. "काही विशेष नाही" म्हणाले, तर पुन्हा विचारा.

आणि कुणाला ओठ वाचता येत असतील, तर या बाटलीपाशी जरा थांबा. त्या दुपारी आजींचे ओठ तीनदा उघडले होते. तेवढेच मला दिसले.