प्रभूच्या मुठीची ज्वारी

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना डबा आहे. नांदूरघाटच्या पलीकडे एका लहानशा वस्तीवर, वत्सलाबाईंच्या चुलीशेजारच्या फळीवर माझा मुक्काम असतो. एके काळी माझ्यात गोडेतेल होतं. ते संपल्यावर बाजारातल्या पत्रेवाल्यानं माझं तोंड कापलं, कडा वळवल्या, झाकण बसवलं आणि धरायला कडी लावून दिली. वत्सलाबाईंचे यजमान रामप्रसाद यांनी पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेल्या तांबड्या रंगानं माझ्या पोटावर क्रूस काढला. तो जरा वाकडाच आला. पण त्या दिवसापासून मी तेलाचा डबा राहिलो नाही, प्रभूच्या मुठीचा डबा झालो.

ही मूठ काय असते, ते सांगतो. आमच्या वस्तीवरच्या ख्रिस्ती घरांत बाई चूल पेटवण्याआधी कणगीतून मूठभर ज्वारी काढते आणि माझ्यासारख्या डब्यात टाकते. तो प्रभूचा वाटा. हिवाळा सरत येतो, शेतातली ज्वारी हुरड्यात असते आणि घरातली कणगी तळाला लागलेली असते, तेव्हा मुठीचा रविवार येतो. सगळ्या बाया आपापले डबे प्रार्थनामंदिरात नेतात आणि पाळकसाहेब ते पांढऱ्या चादरीवर ओततात. त्यातलं थोडं मंदिराच्या खर्चाला जातं, बाकीचं ज्यांच्या घरी चूल पेटत नाही त्यांना वाटतात.

रामप्रसाद वारले. ऊस तोडून तोडून वत्सलाबाईंची कंबर गेली. आता त्या गावातच खुरपणीला जातात. पण मूठ त्यांनी कधी चुकवली नाही. दरवर्षी मीच सर्वांत जास्त भरलेला असायचो आणि पाळकीणबाई मला मुद्दाम पुढच्या मेजावर ठेवायच्या. राखेनं घासून घेताना मी नवरदेवासारखा नटायचो, खोटं कशाला सांगू? वत्सलाबाईंनाही ते कौतुक गोड लागायचं. मंदिरात जाताना मला कडेवर घेऊन क्रूस लोकांना दिसेल असा बाहेरच्या बाजूला करायच्या.

आमच्या भिंतीला भिंत लावून छबुबाईंचं घर आहे. त्या हिंदू, वयानं मोठ्या. दिवाळी झाली की त्यांचा मुलगा अजिनाथ आणि सून कारखान्याकडे ऊसतोडीला जातात. नात सायली मात्र आजीपाशी राहते, कारण फडावर नेलं की तिची शाळा बुडते. तिची शाळा चालू राहावी म्हणून म्हातारी जिवाचं रान करायची. यंदा मात्र रेशनच्या यंत्रावर छबुबाईंचा अंगठाच उठेना. जन्मभर कोयता धरून बोटांच्या रेषा पार झिजल्या होत्या. धान्य अडकलं.

मुठीच्या रविवारच्या आदल्या दिवशी छबुबाई दारात आल्या. पदराचा ओचा हातात धरलेला.

"वत्सला, दोन भाकरीपुरती ज्वारी दे गं. पोरगी सकाळपासून नुसत्या चहावर हाय."

वत्सलाबाईंनी कणगीत डोकावून पाहिलं. तिथं त्यांच्यापुरतंच होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काठोकाठ भरलो होतो, झाकणही धड बसत नव्हतं.

"मावशी, माझ्या घरात बी लई न्हाई. आन् ह्या डब्यातलं प्रभूचं हाय. त्याला मला हात लावता येत न्हाई. मी तुमच्यासाठी प्रार्थना करते."

आणि त्यांनी खरोखरच हात जोडून डोळे मिटले. त्या प्रार्थनेत लबाडी नव्हती, हे मी जवळून पाहिलं आहे. देवाचा वाटा राखला, मोहाला बळी पडलो नाही, असंच त्या बिचाऱ्या समजत होत्या. छबुबाई "बरं माय" म्हणाल्या आणि रिकामा ओचा सोडून निघून गेल्या. मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. त्या दिवशी त्याचं फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मंदिर भरलं होतं. वत्सलाबाईंना सगळ्यांसमोर उभं राहून देवाच्या कृपेची साक्ष द्यायची होती. ओढगस्तीतही आपण प्रभूचा वाटा कसा जपला, मागणारं माणूस दारात आलं तरी कसा जपला, हे सांगायचं त्यांनी रात्रीच ठरवलं होतं. पाळकसाहेबांनी मला उचललं आणि चादरीवर पालथं केलं. पांढऱ्याशुभ्र ज्वारीचा ढीग पडला. त्याच्या मधोमध हिरवट करड्या दाण्यांचा एक थर घसरत खाली आला.

पाळकीणबाई कौतुकानं म्हणाल्या, "वत्सलाबाई, औंदा बाजरी बी टाकली व्हय?"

वत्सलाबाईंच्या घरात यंदा बाजरीचा दाणा आला नव्हता. आमच्या गल्लीत बाजरी खाणारं एकच घर, छबुबाईंचं. त्यांचा चेहरा उतरला, कारण त्यांना सगळं एकदम कळलं. दिवाळीनंतर त्या तापानं अंथरुणाला खिळल्या होत्या आणि छबुबाई रोज येऊन त्यांच्यासाठी चूल पेटवत होत्या. मला तर तेव्हापासूनच ठाऊक होतं. चुलीत काडी घालण्याआधी छबुबाई पदरातून आणलेली आपल्या घरची बाजरी मुठीनं माझ्यात टाकायच्या आणि माझ्या वाकड्या क्रूसाला हात जोडायच्या. मागायला आल्या तेव्हा त्यांनी त्याचा अवाक्षरानंही उल्लेख केला नव्हता.

वत्सलाबाई उभ्या राहिल्या.

"माझ्यापाशी साक्ष न्हाई," त्या म्हणाल्या. "काल उपाशी माणूस माझ्या दारात आलतं. हा डबा भरलेला दिसावा म्हणून मी त्याला परत लावलं. प्रभूचं नाव पुढं केलं, पण ते माझ्या मोठेपणासाठी."

त्या खाली बसून ओंजळीनं ते धान्य पुन्हा माझ्यात भरू लागल्या. पाळकसाहेबांनी वाकून माझं तोंड धरलं, दाणे सांडू नयेत म्हणून.

आम्ही तडक छबुबाईंच्या घरी गेलो, तर दाराला कुलूप. शेजारच्या माणसानं सांगितलं, म्हातारी नातीला घेऊन फाट्यावर गेली. पोराकडे फडावर निघाली. शाळा बुडाली तर बुडाली, तिथं पोरीला दोन घास तरी मिळतील म्हणाली. ते ऐकून वत्सलाबाई कंबरेचं दुखणं विसरून पळत सुटल्या. त्यांच्या कडेवर मी खडखडत होतो आणि मला स्वतःच्याच आवाजाची लाज वाटत होती.

एसटी अजून आली नव्हती. छबुबाई गाठोड्यावर बसल्या होत्या आणि सायली शाळेचं दप्तर मांडीवर घेऊन. वत्सलाबाईंनी मला त्यांच्या पायाशी ठेवलं. छबुबाईंनी पाय मागे घेतले.

"अगं, हे तुझ्या देवाचं हाय. मला पाप लागंल."

"ह्यात तुमची बाजरी हाय, मावशी. मला ठावंच नव्हतं. कशापायी टाकली वो?"

"तू तापानं पडलीस. तुझा नेम मोडू नये वाटलं. तुझ्या कणगीला मी हात कसा लावू? म्हणून घरची टाकलती."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर वत्सलाबाईंना सोसला असता. त्यांना मान वर करवेना. "मावशी, घरी चला," एवढंच त्या कशाबशा म्हणाल्या. "उद्या पोरीची शाळा हाय." छबुबाईंनी सायलीच्या दप्तराकडे पाहिलं. मग एसटी आली, थांबली आणि त्यांना न घेताच निघून गेली.

वाटेत गिरणीवर दळण झालं. वत्सलाबाईंनी छबुबाईंच्या चुलीवर भाकरी थापल्या. ज्वारी-बाजरीच्या त्या भाकरी जरा काळपट झाल्या. सायली जेवली, आजी जेवली. वत्सलाबाई दाराशी बसून राहिल्या. तेव्हा छबुबाईंनी भाकरी मोडली आणि अर्धी त्यांच्या हातावर ठेवली.

"खा. मी दिलेली खाशील ना?"

वत्सलाबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि पदरात तोंड लपवून रडल्या.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालोय, बुडाला गंजही धरलाय. मूठ अजून पडते, पण आता मी काठोकाठ भरत नाही, कारण कोणी ना कोणी येऊन घेऊन जातं. तुमच्या घरी देवाचा वाटा ठेवत असाल तर जरूर ठेवा. फक्त त्याच्यावर पहारा करू नका. जो मागायला येतो, त्याच्याच हाती तो द्यायचा असतो.