एक तास चाळीस मिनिटं

घड्याळजींच्या दुकानात कुठलंही घड्याळ न्या, काटा अडकलेला असो की पट्टा तुटलेला, उत्तर ठरलेलं: "आठ दिवसांनी या." पण स्वतःचं दुकान मात्र त्यांनी सव्वीस वर्षांत अर्ध्या दिवसाच्या वर कधी बंद ठेवलं नव्हतं. दुकान बंद दिसलं की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. या हट्टापायी नात आठ महिन्यांची झाली, तरी त्यांनी तिला फोनवरच पाहिलं होतं. फोन ठेवला की मग डोळ्याला भिंग लावून उगाच बराच वेळ खाली बघत बसायचे.

त्यांची लेक लांबच्या एका लहानशा गावात नर्स होती. एके दिवशी तिने फोनवर इंटरनेटवरचं एक पान पाठवलं. दोन्ही गावांची नावं, मधलं अंतर नऊशे चाळीस किलोमीटर आणि खाली ठळक अक्षरांत: विमानाने एक तास चाळीस मिनिटं.

घड्याळजी हरखलेच. पहाटे पाचला निघायचं, सातच्या आत नातीपाशी, दोनपर्यंत तिला खेळवायचं, चारला पुन्हा दुकानात. सगळ्या आळीला त्यांनी हा हिशोब ऐकवला. लेकीने तिकीट काढलं, गाडी ठरवली आणि परतीचं मी बघते म्हणाली. दारावर पाटी लागली: "दुपारी चारला उघडेल."

विमानतळ पुलापलीकडेच असणार, अशी त्यांची समजूत. पूल मागे पडून तास झाला, तेव्हा त्यांनी ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, अजून दोन तास. पुढे विमानतळावर दोन तासांच्या वर बसून राहणं. विमान मात्र एक तास अडतीस मिनिटांत उतरलं. तेवढ्यापुरता त्यांचा जीव थंडावला. मग बस. बसने पाच तास त्यांची हाडं खिळखिळी केली. लेकीच्या दारात पोचले, तेव्हा साडेसहा वाजले होते आणि पारा चढला होता.

"तुझं ते पान साफ खोटं आहे," त्यांनी पिशवी आपटली.

"पान खरं आहे, बाबा. आपल्या दोन्ही गावांत विमानतळ नाही, तेवढंच त्यात लिहिलेलं नाही."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"होतं की. साडेतेरा तास सांगितले असते, तर निघाला असता तुम्ही?"

घड्याळजी धपकन खुर्चीत बसले. तेवढ्यात लेकीने नात त्यांच्या मांडीवर ठेवली. पोरीने आजोबांना नीट न्याहाळलं, मग मनगटावरचं घड्याळ दोन्ही हातांनी पकडून सरळ तोंडात घातलं. त्या घड्याळाला आजवर त्यांनी कुणाला बोट लावू दिलं नव्हतं. आता ते लाळेने भिजत होतं आणि आजोबा हसत होते, डोळे पुसत होते, पुन्हा हसत होते.

फोन वाजला. शेजारचा चष्मेवाला होता. पाटीवर चार लिहिलंय, सात वाजत आले, दोन गिऱ्हाइकं ताटकळली आहेत, त्यांना काय सांगू, असं विचारत होता.

घड्याळजींनी नातीकडे पाहिलं. घड्याळ अजून तिच्या तोंडातच होतं.

"त्यांना म्हणावं," ते म्हणाले, "आठ दिवसांनी या."