पुठ्ठ्यातले अर्ज

कुतुबुद्दीनला लेकीचा चेहरा आठवेना झाला होता. झोया जाऊन अठरा वर्षं झाली. तिचे होते-नव्हते ते सगळे फोटो दोन हजार एकोणीसच्या महापुरानं सांगलीच्या घरातून नेले. तिची आई, खातूनबी, आता अंथरुणाला खिळलेली. चार घास पोटात जात नाहीत, आणि एकच धोशा, "आवं, पोरीचं तोंड एकदा दावा, मग मी सुखानं डोळं मिटते." दाखवायचं कुठून, कपाळ? सगळे पाहुणेरावळे पालथे घातले. एका लग्नाच्या अल्बमात झोया सापडली, तीही पाठमोरी!

मग त्याला सुचलं. झोया साताऱ्याच्या विद्यापीठात शिकली होती, प्रवेशाच्या अर्जावर तिचा फोटो होता. विद्यापीठानं आता आपला इतिहास जपायला अभिलेखागार काढलंय, तिथं जुनं चिठोरंही नंबर घालून ठेवतात म्हणे. म्हातारा पहिल्या एसटीत बसला.

अभिलेखागार सांभाळणारी गुणमाला मायाळू बाई. तिनं आधी चहा पाजला, मग साल विचारलं आणि यादीवरून बोट फिरवलं. सत्याण्णव. बोट थांबलं.

"चाचा, त्या सालचे अर्ज नाहीत. दोन हजार एकमध्ये पुठ्ठ्यासाठी बाइंडरला देऊन टाकलेत."

कुतुबुद्दीननं चहाचा कप खाली ठेवला. "बाइंडर मीच की, बाई."

त्या काळी त्याचं दुकान साताऱ्यात होतं आणि विद्यापीठाचं सगळं बाइंडिंग त्याच्याकडं. बाजारचा पुठ्ठा त्याला पटायचा नाही. रद्दीचे कागद खळीनं एकावर एक चिकटवून, दाबात घालून तो स्वतः पुठ्ठा करायचा, फळीसारखा टणक. हे अर्ज पोत्यांनी आले तेव्हा झोया चांगली धडधाकट होती, त्याच दुकानात बसून खळ ढवळत होती. तिचा अर्ज कोण कशाला शोधत बसतंय!

पण म्हातारा लगेच उठला. अर्ज गेलेत कुठं, इथंच तर आहेत! मांडणीवर विद्यापीठाच्या सभांच्या इतिवृत्तांचे लाल कापडी खंड उभे होते, सगळे त्याच्याच हातचे. "बाई, पुठ्ठं फोडू द्या. मी परत बांधून देतो. पाया पडतो तुमच्या." हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं. गुणमालानं दाराला आतून कडी घातली आणि एक खंड त्याच्यापुढं ठेवला.

ओलं फडकं लावून लावून त्यानं थर सोडवायला घेतले. पहिला अर्ज सुटला. कोणी बिराप्पा, वडूजचा. फोटोची चौकट रिकामी. दुसरा, तीही रिकामी. तिसरा, चौथा, पाचवा...

आणि त्याचे हात थांबले. या अल्ला! फोटोचा कागद खळ धरत नाही, पुठ्ठ्याला टेंगूळ येतं. म्हणून अर्ज भिजवले की आधी फोटो ओरबाडून काढायचे आणि खळीच्याच चुलीत टाकायचे. पंधरा दिवस त्यानं हेच केलं होतं. एकाही तोंडाकडं पाहिलं नव्हतं.

"चाचा, असे अजून चाळीस खंड आहेत," गुणमाला रडवेली होऊन म्हणाली. "एखादा फोटो नजरचुकीनं राहिलाच असेल. मी देते सगळे काढून. जाऊ दे नोकरी गेली तर."

कुतुबुद्दीननं उरलेला पुठ्ठा उचलला आणि त्यावरून हळूहळू तळवा फिरवला.

"न्हाई राहिला, बाई," तो म्हणाला. "माझ्या पुठ्ठ्याला टेंगूळ कवाच नसायचं."